लाईट गेल्यावरचे १६ मिलिसेकंद

लाईट गेली की पंखा लगेच थांबत नाही. आहे त्या वेगावर चार-दोन फेऱ्या मारतो आणि मग मंदावतो. घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातही अशीच थोडी शिल्लक असते, फक्त ती मिलिसेकंदांत मोजावी लागते. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत, भिंतीतून वीज येते त्या बाजूला, अंगठ्यापेक्षा जाड असा एक कपॅसिटर (वीज साठवणारी डबी) उभा असतो. एसएमपीएस चालू असताना त्यावर ३८० ते ४०० व्होल्ट साठलेले असतात. बाहेरची वीज तुटली की मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क असे सगळे त्या डबीतल्या साठ्यावर तग धरतात. किती वेळ? एटीएक्सच्या (एसएमपीएस कसा असावा हे ठरवणाऱ्या मानकाच्या) जुन्या नियमाने पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मध्ये हा हिशेब ८० टक्के लोडला १७ आणि पूर्ण लोडला १२ असा आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तेवढाही वेळ हाताशी नाही.

एवढ्यात काय काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. साठा उतरू लागला की एसएमपीएस बोर्डाला एका करड्या तारेवरून इशारा देतो. ही 'पॉवर गुड'ची तार. तिच्यावरचे ५ व्होल्ट पडले की बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये टाकतो, कारण अर्धपोटी चाललेला प्रोसेसर कुठेही काहीही लिहू शकतो. रॅमचं तर असं आहे की ती चालू असतानाही सतत विसरत असते. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो गळत राहतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळी रॅम वाचून पुन्हा भरावी लागते. वीज गेली की भरणारं कोणी उरत नाही. आणि एसएसडीने 'लिहून झालं' म्हणून कळवलेला मजकूर त्या क्षणी खरोखर फ्लॅशमध्ये (कायमच्या साठ्यात) उतरलेला असतोच असं नाही. तो तिच्या तात्पुरत्या मेमरीत अडकलेला असू शकतो. सर्व्हरच्या एसएसडींवर अशा वेळेसाठी कपॅसिटरची वेगळी रांग बसवलेली असते. घरगुती एसएसडीवर सहसा ती नसते.

म्हणून एसएमपीएस, रॅम आणि एसएसडी हे तीन पार्ट एकत्र बसून निवडावेत, असं मला मनापासून वाटतं. केलेलं काम टिकतं की जातं हे या तिघांवर ठरतं. दुकानातली यादी मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डापासून सुरू होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर घरबसल्या ऑनलाइन मागवा, बजेट वरून खाली उतरत येतं आणि उरल्यासुरल्या पैशांत एसएमपीएस बसवला जातो. कित्येकदा तर तो कॅबिनेटसोबत 'फ्री' येतो. ही यादी खालून वर लिहायला घ्यावी.

एसएमपीएस घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून अंगावरचं लेबल वाचायचं. त्यावर ३.३, ५, १२, उणे १२ आणि स्टँडबायचे ५ व्होल्ट असे रकाने असतात. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे तोच रकाना महत्त्वाचा. तिथले अँपिअर घ्या, १२ने गुणा. ५५० वॅटच्या सरळ एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॅट. नाव ४५० वॅटचं आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असेल, तर तो तुमच्या कामाचा २१६ वॅटचाच आहे. बाकीची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टची, जिचा आज फारसा उपयोग नाही. हा गुणाकार दुकानात उभ्याउभ्या करता येतो आणि निम्मे एसएमपीएस त्यातच गळतात.

गरज किती, तेही उदाहरणाने पाहू. इंटेल कोअर आय५-१२४००एफ हा प्रोसेसर खोक्यावर ६५ वॅटचा, पण टर्बोत (वेग वाढवल्यावर) ११७ वॅटपर्यंत जातो. एएमडीच्या ६५ वॅटच्या प्रोसेसरची खरी मर्यादा ८८ वॅट असते. सोबत आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक कार्ड घेतलं तर त्याचे ११५. बोर्ड, रॅम, पंखे, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क मिळून ५०-६० धरा. हार्ड डिस्क चालताना ५ ते ८ वॅट खाते, पण सुरू होताना तबकड्या फिरवायला काही सेकंद २० वॅटच्या वर ओढते. बेरीज झाली साधारण २९० वॅट. यावर ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरेसा. ७५० घेण्यात तोटा नाही, पण तेवढ्याच पैशांत हलक्या ७५०पेक्षा चांगला ५५० घ्यावा. ३०० वॅटच्या वरच्या ग्राफिक कार्डांची गोष्ट वेगळी. ती काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या आकड्याच्या दुपटीपर्यंत उसळी घेतात, आणि बेरजेत बसणारा एसएमपीएस गेम रंगात आलेला असताना धाडकन बंद होतो. एटीएक्स ३.०ने हा झटका सोसण्याची अट घातली ती यासाठीच.

८० प्लसच्या ब्रॉन्झ-गोल्ड बिल्ल्यांबद्दल गैरसमज फार. हा बिल्ला फक्त भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते एवढंच सांगतो. २५० वॅटच्या लोडला ब्रॉन्झ अंदाजे ८५ टक्के धरला तर तो भिंतीतून २९४ वॅट घेतो, गोल्ड ९० टक्क्यांनी २७८. फरक १६ वॅटचा. रोज ५ तास मशीन चाललं तर वर्षाला २९ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर २९० रुपये. निव्वळ बिलासाठी गोल्ड घेऊ नये. घ्यायचा तो एवढ्यासाठी की वाया जाणारी वीज उष्णता होऊन त्याच डब्यात राहते, आणि गोल्डच्या पातळीला पोचायला कंपनीला आतलं सर्किटही बरं वापरावं लागतं. तरीही शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज, जास्त तापमान यांपासूनचं संरक्षण बिल्ल्यात मोजलेलं नसतं. ते खोक्यावर वेगळं वाचावं लागतं. वॉरंटी किती वर्षांची, हा माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा. कंपनी ७ किंवा १० वर्षं लिहून देते तेव्हा आत कोणते कपॅसिटर घातलेत ते तिला माहीत असतं. पक्कं बिल मात्र घ्या, आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेवर ठरतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. म्हणून ८५ अंशांपर्यंत चालणाऱ्या कपॅसिटरऐवजी १०५ अंशांचे घातलेला एसएमपीएस बघावा. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, खोलीत ३८-४०, कॅबिनेटमध्ये त्याहून चढे. काही कंपन्या आपले वॅट ४० अंशांवर मोजून लिहितात, काही ५०वर. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्याने ५०वर मोजलेलाच घ्यावा. कॅबिनेटला खालून जाळी असेल तर एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून बसवा म्हणजे तो बाहेरची हवा घेतो, आणि ती जाळी दर महिन्याला काढून झटका. कोकणात उष्णतेपेक्षा खारी दमट हवा जास्त त्रास देते. तिथे मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून तासभर चालवलेलं बरं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दोन्ही टोकांनी सुट्या होतात. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर काय यायचं याचा कुठलाही सामाईक नियम नाही. एका कंपनीची साटाची (डिस्कला वीज देणारी) वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये अगदी घट्ट, छान बसते. मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि बटण दाबताच सगळ्या डिस्क एकदम जळतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक असू शकतो. एसएमपीएस बदलताना 'वायरी तशाच राहू दे, नुसता डबा बदलू' असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. जुन्या वायरी जुन्या डब्याबरोबर पिशवीत गेल्या पाहिजेत.

प्रोसेसरची ४+४ पिनांची वायर आणि ग्राफिक कार्डाची ६+२ पिनांची वायर दिसायला जुळ्या बहिणी. पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट्या आहेत. प्लगवरचे चौकोन-अर्धगोल आकार जुळत नसतील तर जोर लावू नये. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या वायरीतून १५०. मोठ्या कार्डांच्या १६ पिनांच्या कनेक्टरचं २०२२ साली वितळण्याचं प्रकरण झालं, तेव्हापासून दोन सवयी पाळाव्यात: तो शेवटपर्यंत आत गेला आहे हे बाजूने वाकून डोळ्यांनी पाहायचं, आणि प्लगच्या अगदी मुळाशी वायर दुमडायची नाही.

एसएमपीएस ठीक आहे की नाही हे घरी तपासायचं तर २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला पेपरक्लिपने जोडतात, पंखा फिरतो, आणि मल्टीमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले तर ते नियमात आहे. प्लग बोर्डातून काढलेला हवा आणि क्लिप लावताना मागचं बटण बंद. ही परीक्षा नापासांना पकडते, पासांची खात्री देत नाही. व्होल्टेजवरची थरथर, जी १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आत हवी, ती मल्टीमीटरला दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो. डबा उघडून पाहायचा मोह आवरा. सुरुवातीला सांगितलेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला असतो आणि तो जीव घेऊ शकतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते आणि ती बहुतेकदा एसएमपीएसवर ढकलली जाते. प्रत्यक्षात तिथे असं घडतं: एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे, बहुधा निळे, चपटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून अर्थपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून अर्थपर्यंत. गोंगाट गाळून जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. भिंतीतल्या सॉकेटमध्ये अर्थची तार जोडलेलीच नसेल तर दोघांच्या मधला बिंदू, म्हणजे तुमचं लोखंडी कॅबिनेट, २३०च्या निम्म्यावर म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह अगदी कमी, पण टेस्टर लावला की लुकलुकतो. एसएमपीएस बदलून हे जात नाही. मल्टीमीटर एसीवर ठेवा: फेज ते अर्थ २३०च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. न दिसले तर आधी वायरमन बोलवा, कॉम्प्युटर नंतर जोडा. आणि दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर मध्ये घालू नका.

यूपीएसकडे येऊ. बाजारात सर्रास मिळणारा ६००व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. व्हीए आणि वॅट एक नव्हेत. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे ८४ वॅट-अवर. २०० वॅटच्या लोडला कागदावर २५ मिनिटं निघतात, पण इतक्या जोराने ओढली की ती बॅटरी तेवढं देत नाही. १० मिनिटं धरावीत, आणि ती काम सेव्ह करून शटडाउन करण्यापुरती आहेत असं समजावं. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं छोटं बटण पाहा. त्यावर 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' अशा खुणा असतात. यूपीएसवर तो इतक्या चटकन बदलतो की १६ मिलिसेकंदांच्या आत वीज परत मिळते. दुसऱ्या बाजूला ठेवला तर दिवे नुसते पापणी लवल्यासारखे होतात, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. कितीतरी घरांत हे बटण वर्षानुवर्षं चुकीच्या बाजूला असतं. शिवाय स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (विजेच्या लहरीला जुळवून वीज ओढणाऱ्या) चांगल्या एसएमपीएसला मानवत नाही. गुणगुण होते, कधी तो बंदच पडतो. साइन वेव्हचाच घ्या.

रॅमचं त्या मानाने सोपं आहे. एकाच खोक्यातल्या दोन सारख्या स्टिक घ्यायच्या, ८-८ किंवा १६-१६ जीबीच्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. डीडीआर४ या पिढीची ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन वेगळ्या चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेवर) गेल्या की ५१.२. शेजारी-शेजारी खोचल्या तर दुसरी मेमरी वाढवते, वेग वाढवत नाही. डीडीआर४ आणि तिच्या पुढच्या पिढीची डीडीआर५ दोन्ही २८८ पिनांच्या, पण खाच वेगळ्या जागी आहे. एकीच्या बोर्डात दुसरी जात नाही.

खोक्यावरच्या वेगापेक्षा वेग आणि सीएल (मागितलेला मजकूर द्यायला रॅमला लागणारे ठोके) एकत्र वाचावेत. सीएलला २०००ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, ३६०० सीएल१८ म्हणजेही १०, ६००० सीएल३० तरीही १०. आणि ५६०० सीएल४६ म्हणजे १६च्या वर. पैसे भरलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, एएमडीच्या नव्या बोर्डावर एक्स्पो ही खोक्यावरचा वेग देणारी सोय चालू करावी लागते, नाहीतर ३२००ची रॅम निमूटपणे २१३३ किंवा २४००वर आयुष्य काढते.

'आत्ता दोन घेऊ, पुढे अजून दोन टाकू' हा विचार डीडीआर५ला चालत नाही. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरवर दोन स्टिकला अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे हा मोह होणारच. तरी पुढची गरज दिसत असेल तर आजच दोन मोठ्या घ्याव्यात. नव्या डीडीआर५ मशीनला पहिल्यांदा बटण दाबलं की काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅमशी आपलं टायमिंग जुळवत असतो. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात आणि तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पाच-दहा मिनिटं हात लावू नका. त्यानंतर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर रॅम परत करा. आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा एकदा पाहा एवढंच. खराब रॅम फाइल बिघडवून तीच बिघडलेली प्रत डिस्कवर लिहिते, बॅकअपमध्येही तीच जाते, आणि हे कळतं तेव्हा महिने उलटलेले असतात.

एसएसडीत सेकंदाला ७००० एमबीची जाहिरात आणि रोजचा अनुभव यांत मोठी दरी आहे. साटाच्या (वायरीने जोडायच्या) एसएसडीचा कमाल वेग ५५०, एनव्हीएमईचा (थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीचा) तिसऱ्या पिढीत ३५००, चौथ्या पिढीत ७०००. पण विंडोज सुरू होताना हजारो छोटे तुकडे वाचले जातात आणि तिथे चांगल्या एनव्हीएमईदेखील सेकंदाला शंभर एमबीच्या आतच असतात. मग पैसे कुठे घालायचे? फ्लॅश टीएलसी आहे की क्यूएलसी, आणि एसएसडीवर स्वतःची डीरॅम (तात्पुरती मेमरी) आहे की नाही, इथे. टीएलसी एका पेशीत ३ बिट ठेवते, म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या. क्यूएलसी ४ बिट, १६ पातळ्या. लिहायला जास्त नाजूकपणा लागतो, म्हणून वेळ लागतो. सुरुवातीला दोघी काही जागा एका बिटाने भरून वेगवान भासतात. ती जागा भरली की क्यूएलसी साध्या हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकते. लग्नाच्या शूटिंगचे ३०० जीबी एका बैठकीत ओतणाऱ्याला हे जाणवेल, घरच्या हिशेबाच्या एक्सेलला कधीच जाणवणार नाही. आयुष्याची धास्ती बाळगू नका. १ टीबीच्या चांगल्या टीएलसीला ६०० टीबी लिहिण्याची हमी असते, रोज ३० जीबी लिहिलं तरी वर्षाला ११ टीबी होतात.

एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरच्या, एसएसडी खोचायच्या खाचेत) बसवताना दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे त्या स्लॉटमध्ये एसएसडी लावली की काही बोर्डांवर साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात आणि जुनी हार्ड डिस्क 'मेली' असं वाटतं. ती धडधाकट असते, वायर दुसऱ्या पोर्टला लावायची. दुसरं, उष्णतावाहक पॅडवरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचा राहतो आणि हीटसिंक असूनही एसएसडी तापते.

मोठ्या साठ्यासाठी हार्ड डिस्क अजूनही हवी, पण ती सीएमआर (पट्टे सुटे) आहे की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवलेले) ते मॉडेल नंबरवरून शोधून काढा. एसएमआर समजायला कोकणातलं कौलारू छप्पर डोळ्यासमोर आणावं. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढलेलं असतं, म्हणून थोड्या जागेत जास्त कौलं मावतात. पण मधलं एखादं फुटलं की वरची ओळच्या ओळ सरकवून मग ते बदलावं लागतं. डिस्कवरचे पट्टे असेच एकमेकांवर चढवलेले. सलग लिहीत गेलात तर काही कळत नाही. मधला एक तुकडा बदलायचा म्हटलं की डिस्क पुढचे पट्टे उचलते, बदलते, पुन्हा लिहिते. बॅकअप ठेवून कपाटात टाकायला एसएमआर ठीक, त्यावर रोज काम करायला किंवा रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून) लावायला नको. आणि कपाटात ठेवायची तर हार्ड डिस्कच. घरगुती एसएसडीचं मानक असं की लिहिण्याची मर्यादा संपत आलेली एसएसडी वीज न देता ३० अंशांवर एक वर्ष मजकूर टिकवेल. आपल्या माळ्यावर उन्हाळ्यात ३० अंश कुठले?

शेवटी एक आकडा पाहायचा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि एनव्हीएमई एसएसडीच्या यादीत 'अनसेफ शटडाउन्स' ही ओळ शोधा. आकडे मूळ हेक्साडेसिमलमध्ये असतात, मेनूतून दशमान करून घ्या. एसएसडीला न सांगता वीज गेली अशी प्रत्येक वेळ तिथे मोजलेली असते. बटण दाबून धरून मशीन बंद केल्याच्या वेळाही त्यातच येतात. यूपीएस लावाल त्या दिवशी तो आकडा एसएमपीएसच्या बिलामागे तारखेसह लिहा आणि वळवाचा पाऊस होऊन गेला की पुन्हा पाहा. वाढलेला दिसला तर यूपीएसची बॅटरी, इन्व्हर्टरमागचं बटण आणि भिंतीतला सैल सॉकेट याच क्रमाने तपासा.